आप्पा काय सांगत होते?

मुलांनो, आधी एक कोडं घालते. ताशी नव्वद किलोमीटर वेगानं धावते, पण घराचा उंबरठा काही ओलांडत नाही, अशी वस्तू कोणती?

फार डोकं खाजवू नका. उत्तर आहे, आमच्या आप्पांची चादर!

हसलात ना? पण ही थाप नाही. वही-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर गणित करा. आमच्या कपडे धुवायच्या मशीनचा ड्रम, म्हणजे ज्यात कपडे टाकतात तो भोकाभोकांचा पिंप, ४८ सेंटिमीटर व्यासाचा आहे. व्यासाला ३.१४ ने गुणलं की परीघ मिळतो. तो आला साधारण १५० सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटर. कपडे पिळताना हा ड्रम एका मिनिटात १,००० फेऱ्या मारतो. म्हणजे ड्रमच्या कडेला चिकटलेली चादर मिनिटाला दीड हजार मीटर पळते. दीड किलोमीटर गुणिले साठ मिनिटं, झाले की नाही ताशी ९० किलोमीटर? एवढ्या वेगात चादर ड्रमला धरून राहते, पण पाण्याला भोकांतून वाट सापडते. ते बाहेर उडून जातं. भिजलेलं कुत्रं अंग झाडतं ना, तसंच.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, गणिताचा तास घ्यायला आलात का?" नाही रे बाबांनो! मला तुम्हाला माझी एक चूक सांगायची आहे. मी पहिली-दुसरीच्या वर्गाची बाई. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन फिरवते. आज स्वतःच्या चुकीवर फिरवणार आहे.

आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरात मी, बंड्याचे बाबा, सातवीतला बंड्या, माझ्या सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. आप्पांनी तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून काम केलं. ते निवृत्त झाल्यावरही रस्त्यानं एस.टी. गेली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, "हिचो मागचो चाक बोलता हा. फोंडाघाट चढाच्या आधी बघूक व्हया." आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं!

२०२३ च्या फेब्रुवारी महिन्यात आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागातला रक्तपुरवठा अडला. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, हे तुम्ही शिकला असाल. आप्पांचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. आणि बोलणं? तेही गेलं. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६५ साली दाखवून दिलं होतं, की बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं. बहुतेक माणसांचं ते तिथेच असतं. त्यामुळे उजवं अंग लुळं पडलं, की पुष्कळदा वाचाही जाते. आप्पांना आमचं बोलणं कळायचं, पण त्यांच्या तोंडून फक्त "हां" आणि "नाय" निघायचं. तेही पुष्कळदा उलटसुलट. हां म्हणायचं असलं की नाय, आणि नाय म्हणायचं असलं की हां! मग ते स्वतःवरच चिडायचे. डाव्या हातात पेन दिलं तर अक्षरंही येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "ज्या कप्प्यातून बोलणं येतं, त्याच्या शेजारूनच लिहिणं येतं. घाई करू नका."

आप्पा अंथरुणाला खिळले तसं घरातलं धुणं वाढलं. रोज तीन-चार चादरी, वर मऊ कापडं. आणि अंथरुणावरच्या माणसाला चादर कोरडीच लागते बरं का! ओल राहिली की पाठीला जखमा होतात. त्यात आला पावसाळा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून-जुलैत दोरीवरचा रुमालसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास मारतो. अशा वेळी मशीन चादर घट्ट पिळून देई आणि उरलेली ओल चुलीवरच्या वलणीवर जाई. ते मशीन म्हणजे आमच्या घराला चैनीची वस्तू नव्हती, आधार होता.

आणि नेमकं जून महिन्यात मशीन ओरडायला लागलं.

सुरुवातीला नुसती घरघर होती. मग ती वाढत गेली. कपडे धुताना आवाज कमी, पण पिळायला लागलं की अक्षरशः घाट चढणारी गाडी! शेजारच्या काकू एकदा कुंपणावरून ओरडून म्हणाल्या, "ह्या काय गो बाय, तुमच्या पडवीत इमान उतारता काय?" आम्ही हसलो आणि सोडून दिलं.

पण आप्पा हसले नाहीत. मशीन पिळायला लागलं की ते डाव्या हातानं खाटेची फळी बडवायचे. ठक ठक ठक! डोळे मोठे करायचे, मशीनच्या दिशेनं बोट करायचे, मग ते बोट हवेत गोल गोल फिरवायचे. तोंडानं "हां… हां… नाय…" चालायचंच.

मला वाटलं, त्यांना आवाजाचा त्रास होतोय. साहजिकच आहे, आजारी माणूस! म्हणून मी काय केलं असेल? त्यांच्या खोलीचं दार लोटून घ्यायला लागले. तरी ठक ठक थांबेना. मग एके दिवशी मी त्यांच्या कानांत कापसाचे बोळे घातले.

मुलांनो, हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते. आप्पांनी डाव्या हातानं एक बोळा काढून माझ्याकडे फेकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "त्येंका कायतरी सांगूचा असा गो." मी म्हटलं, "आई, आजारपणात माणूस हट्टी होतं." आणि शाळेत गेले. तिथे वर्गात फळ्यावर काय लिहिलं माहीत आहे? 'दुसऱ्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐका.'

जुलैमध्ये मशीन दुरुस्त करणारा माणूस आला. त्यानं एकदा मशीन फिरवून बघितलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "ड्रमचा अख्खा सेट बदलावा लागेल. साडेनऊ हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या ना, मॅडम!" तेवढा वेळ आतल्या खोलीतून ठक ठक चालूच होतं. आप्पांच्या औषधांचा खर्च चालू असताना नवीन मशीन? सासूबाई म्हणाल्या, "पैशे काय झाडाक लागतत?" तो माणूस निघून गेला. मी आत गेले तर आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याच संध्याकाळी बंड्या पडवीत त्याच्या सायकलचं पुढचं चाक खोलून बसला होता. चाक करकरत होतं. त्यानं आतले छर्रे काढून रॉकेलमध्ये धुतले आणि आप्पांना गंमत दाखवावी म्हणून तळहातावर घेऊन आत गेला. लहानपणापासून त्याची सवयच ती, काहीही खोललं की आधी आप्पांना दाखवायचं.

आणि काय सांगू! आप्पांनी त्यातला एक छर्रा चिमटीत पकडला, बंड्याच्या नाकासमोर धरला आणि मग हात लांब करून मशीनकडे दाखवला. पुन्हा छर्रा, पुन्हा मशीन. पुन्हा बोट गोल गोल.

बंड्या धावत स्वयंपाकघरात आला. "आई! आप्पांना आवाजाचा त्रास होत नाहीये! ते सांगतायत मशीनमधलं बेअरिंग गेलंय!"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. माझ्या पिशवीत वर्गातल्या मुलांच्या पाट्या होत्या. त्यातली एक पाटी आणि खडू घेऊन मी आप्पांपाशी गेले. पाटी त्यांच्या छातीवर टेकवून धरली. डाव्या हातानं, अगदी पहिलीतल्या पोरासारखं थरथरत, त्यांनी एक मोठं वर्तुळ काढलं. त्याच्या आत दुसरं लहान वर्तुळ. आणि दोन वर्तुळांच्या मधे ठिपके, ठिपके, ठिपके.

अक्षरं गेली होती, पण चित्रं गेली नव्हती! जी मुलं शाळेत नवीन येतात, ज्यांना नीट बोलता येत नाही, त्यांच्या हातात आम्ही शिक्षक पहिल्याच दिवशी पाटी देतो. घरातल्या माणसाच्या हातात पाटी द्यायचं मला पाच महिने सुचलं नाही. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते बरं का!

आता हे बेअरिंग काय असतं ते बघू. त्यासाठी एक प्रयोग करा. जमिनीवर एक जाड पुस्तक ठेवून ढकला. ते घासत जातं, जोर लागतो. आता त्याच पुस्तकाखाली सात-आठ सारख्या गोट्या ठेवा आणि बोटानं हलकंच ढकला. पुस्तक कसं सुळकन जातं! घासण्यापेक्षा गडगडणं सोपं असतं. बेअरिंगमध्ये नेमकं हेच आहे. एक पोलादी बाहेरचं कडं, एक आतलं कडं आणि दोघांच्या मधे पोलादी गोळ्या. बाहेरचं कडं घट्ट बसलेलं, आतलं कडं आसाबरोबर फिरतं आणि मधल्या गोळ्या गडगडत राहतात.

ही युक्ती जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप वॉन यानं १७९४ साली गाडीच्या आसासाठी अशा गोळ्या वापरायचं पेटंट घेतलं. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल-कारागिरानं ती सायकलसाठी वापरली. त्या वेळी गोळ्या एकसारख्या बनवणं फार अवघड होतं. १८८३ मध्ये जर्मनीतल्या फ्रीडरिश फिशर यानं पोलादी गोळ्या घासून अगदी सारख्या आणि गोल करणारं यंत्र बनवलं आणि मग बेअरिंग जगभर पोहोचलं. आज तुमच्या डोक्यावरच्या पंख्यात, सायकलीत, एस.टी.च्या चाकात, सगळीकडे ते आहे.

मग आमचं बेअरिंग का गेलं? मशीनचा ड्रम फक्त मागच्या बाजूनं एका आसावर तोललेला असतो आणि तो आस दोन बेअरिंगांत फिरतो. त्यांच्या पुढे ऑइल सील नावाची एक रबरी चकती असते. साबणाचं पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. हे रबर झिजलं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्यांना गंज चढतो आणि गडगडायच्या जागी त्या खरडायला लागतात. त्यात कपडे एका बाजूला गोळा झाले तर बघायलाच नको. पिळताना कडेला शंभर ग्रॅम वजन जरी जास्त झालं, तरी ते ड्रमला पंचवीस किलोंहून जास्त जोरानं बाहेर ओढतं. मी घाईघाईत एकच मोठी गोधडी मशीनमध्ये कोंबायचे, त्याची शिक्षा बेअरिंगला होत होती.

आप्पांनी पाटीवर एक हात काढला, मग वर-खाली असे दोन बाण. बंड्यानं मशीनचं दार उघडून ड्रम हातानं वर उचलून पाहिला. ड्रम आत लडबडला! चांगल्या ड्रमला असा खेळ नसतो. आमची खात्री झाली.

शनिवारी रात्री बंड्याचे बाबा गोव्याहून, नोकरीच्या गावाहून आले आणि रविवारी सकाळी काम सुरू झालं. आधीच सांगून ठेवते, हे काम मुलांनी एकट्यानं करायचं नाही. विजेचं यंत्र आहे आणि त्याच्या पोटात जड सिमेंटची वजनंसुद्धा असतात. आम्हीही पहिल्यांदा भिंतीतला प्लग उपटला, नळ बंद केला, उरलेलं पाणी काढून टाकलं. मग आप्पांना आरामखुर्चीत बसवून पडवीत आणलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच ते खोलीबाहेर आले होते. मांडीवर पाटी. खुणाही ठरवून घेतल्या, एकदा ठक म्हणजे हो, दोनदा ठक म्हणजे नाही. तोंडचं हां-नाय चुकायचं, पण ठक कधी चुकलं नाही.

एक-एक स्क्रू काढला की कुठला ते लक्षात राहावं म्हणून बंड्यानं मसाल्याचा डबा रिकामा करून आणला. सात वाट्यांत सात जागचे स्क्रू! सासूबाई ओरडल्या, "मसाल्याचो डबो इस्क्रूंका दिलास?" पण आप्पांनी एकदाच ठक केलं आणि त्या गप्प बसल्या. तारा सोडवायच्या आधी बंड्यानं मोबाइलवर प्रत्येक जोडाचा फोटो काढला. वरचं झाकण, पुढचा पत्रा, दाराचं रबर, सिमेंटची वजनं, मागचा पट्टा, मोटर असं करत करत शेवटी टब दोघांनी उचलून गोणपाटावर ठेवला. काही मशीनचे टब कारखान्यातच कायमचे चिकटवलेले असतात. आमच्या टबाला भोवती स्क्रू होते. ते काढल्यावर टबाचे दोन भाग झाले. पुली काढून आसाच्या टोकावर लाकडाचा तुकडा धरला, हलके हातोडे मारले आणि ड्रम सुटून आला.

सीलच्या मागे तपकिरी चिखल! बेअरिंग बोटानं फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरलं. ड्रमच्या पाठीवर तीन पायांचा एक धातूचा आधार असतो, तो ड्रमला आसाशी जोडतो. तो साबणानं खाल्लेला निघाला असता तर सगळीच मेहनत वाया होती. आप्पांनी तो जवळ आणायला लावला, डाव्या अंगठ्यानं तिन्ही पाय चाचपले आणि एकदा ठक केलं. ठीक आहे!

जुनी बेअरिंगं मात्र गंजून घट्ट बसली होती. बंड्याचे बाबा एकाच ठिकाणी हातोडा मारत सुटले. आप्पांनी दोनदा ठक केलं आणि पाटीवर वर्तुळ काढून चार ठिपके दिले. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. घड्याळातल्या बारा, सहा, तीन, नऊ यांच्या जागी. म्हणजे एकाच बाजूला मारलं की बेअरिंग तिरकं होऊन अडकतं, पाळीपाळीनं चारी बाजूंना मारायचं. गंज सोडवायचं तेल घालून तासभर थांबलो, मग पितळी सळई आतल्या कड्याला टेकवून चार जागी टोले मारत गेलो. दहाव्या की पंधराव्या टोल्याला ते टपकन खाली पडलं. बंड्यानं टाळ्या वाजवल्या!

जुन्या बेअरिंगवर आकडे होते, ६२०५ आणि ६२०४. बाबा आणि बंड्या ते घेऊन कुडाळला गेले. दुकानदारानं बंड्याला एक गंमत सांगितली. शेवटचे दोन आकडे पाचानं गुणायचे, की आतल्या भोकाचं माप मिळतं. ०५ गुणिले ५ म्हणजे २५ मिलिमीटर, ०४ गुणिले ५ म्हणजे २० मिलिमीटर. बंड्यानं तिथेच पट्टीनं मोजून पाहिलं. बरोबर! (०४ पासून पुढे हा नियम चालतो. ६२०३ चं भोक मात्र १७ मिलिमीटरचं असतं, तिथे फसू नका.) दोन बेअरिंगं, सील आणि ग्रीस मिळून नऊशे रुपयांच्या आतच काम झालं. कुठे नऊशे आणि कुठे साडेनऊ हजार!

नवीन बेअरिंगं आल्यावर आप्पांनी पाटीवर एक चौकोन काढला आणि त्यात चांदण्या. आम्हाला काही कळेना. बंड्या म्हणाला, "आकाश? खिडकी?" ठक ठक. नाही. शेवटी सासूबाईंनीच ओळखलं, "फ्रीज गो, बरफाचो!" थंडीनं धातू आकसतो, हे तुम्ही विज्ञानात शिकलात ना? बेअरिंग तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, की केसभराहूनही कमी आकसतं, पण तेवढ्यानंच ते जागेवर बसायला सोपं जातं. आमच्या फ्रीजमध्ये त्या दिवशी बांगड्यांच्या शेजारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोन बेअरिंगं होती!

बसवताना मात्र एक प्रसंग झाला. बंड्याच्या बाबांनी सळई आतल्या कड्यावर टेकवली आणि हातोडा उगारला. आप्पांनी खुर्चीच्या हातावर एवढ्या जोरानं दोनदा ठक केलं, की मांडीवरची पाटी खाली पडून तिचा कोपरा फुटला. मी ती उचलून दिली. त्यांनी दोन वर्तुळं काढली. आतल्यावर फुली मारली, बाहेरच्यावर खडू पुन्हा पुन्हा फिरवला.

बंड्यानं विचारलं, "पण आप्पा, काढताना तर आपण आतल्यावरच मारलं!"

आप्पांनी गंजक्या बेअरिंगकडे बोट केलं आणि हात झटकला. ते टाकूनच द्यायचं होतं! नव्याचं तसं नाही. बाहेरचं कडं जागेत घट्ट बसायचं असताना आतल्या कड्यावर मारलं, तर सगळा मार मधल्या गोळ्यांमधून जातो, गोळ्यांचे खड्डे कड्यावर उमटतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी ओरडायला लागतं. मग बाबांनी जुनं बेअरिंग कानशीनं थोडं घासून लहान केलं, नव्यावर ठेवलं आणि बाहेरच्या कड्यावर मार बसेल असा बेतानं ठोकलं. आवाज बद्द झाला की बेअरिंग तळाला टेकलं. आप्पांचे डोळे मिटलेले होते. ते नुसतं ऐकत होते. आवाज बदलला त्या क्षणी त्यांनी एकदाच ठक केलं.

सीलच्या ओठाला ग्रीस लावून ते बसवलं आणि बंड्याच्या फोटोंवरून उलट्या क्रमानं सगळं जोडत आलो. रात्रीचे नऊ वाजले. मसाल्याच्या डब्यात एकही स्क्रू उरला नव्हता! प्लग लावला. रिकामंच मशीन पिळण्यावर ठेवलं. ड्रम फिरायला लागला, वेग वाढला, आणखी वाढला. आणि काय आश्चर्य, बाहेरच्या पावसाचा आवाज आम्हाला ऐकू येत होता!

आप्पांची खुर्ची मशीनजवळ नेली. त्यांनी डावा तळहात मशीनच्या अंगावर टेकवला. खूप वेळ. वर्कशॉपातून निघणाऱ्या गाडीवर ठेवत असतील तसा.

गोष्ट इथे संपली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर आप्पांच्या छातीवर ती कोपरा फुटकी पाटी होती आणि तिच्यावर एक लांबट चौकोन, खाली दोन चाकं, आणि शेजारी खिडकी. "आप्पा, एस.टी.?" ठक. "एस.टी.त बसायचंय?" ठक ठक. त्यांनी खाटेवर बोट ठेवलं, मग खिडकीकडे वळवलं.

आप्पांची खाट भिंतीकडे तोंड करून होती. भरवायला, पुसायला आम्हाला सोयीचं जावं म्हणून आम्हीच ती तशी लावली होती. खिडकीतून रस्ता दिसतो आणि रस्त्यानं संध्याकाळी पाचची एस.टी. जाते. आप्पांना ती बघायची होती.

खाट फिरवायला आम्हाला दोन मिनिटं लागली. ती फिरवायला हवी हे कळायला पाच महिने लागले.

आप्पा आजही बोलत नाहीत. मशीन मात्र छान चाललं आहे. मी आता गोधडी एकटी कोंबत नाही, आणि कापसाच्या बोळ्यांचा पुडा माळ्यावर टाकला आहे. पाचची गाडी गेली की खोलीतून आवाज येतो. एक ठक म्हणजे गाडी ठीक. दोन ठक म्हणजे कुठलंतरी चाक बोलतंय!

मुलांनो, तुमच्या घरीही कुणी आजी-आजोबा काहीतरी सांगत असतील. हातानं, खुणेनं, रागानंसुद्धा. आज शाळेतून घरी गेलात की दप्तरातली पाटी काढा, नाहीतर वहीचं कोरं पान, आणि त्यांच्यापुढे धरा. त्यांनी काय काढलं ते मला नक्की कळवाल ना?

तुमची,
बंड्याची आई, म्हणजेच पहिलीच्या वर्गाची बाई